भाकरीचे वजन आणि आहारशास्त्राची पदवी

पनवेल-उरण रस्त्यावरचे जासई महाराष्ट्राला ठाऊक आहे ते शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्यामुळे आणि जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या जानेवारी 1984च्या शेतकरी आंदोलनामुळे. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. पुढे 1989 मध्ये जवळच न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जमिनीच्या मोबदल्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. खारपट्टीतली भातशेती आणि मिठागरे आक्रसल्यावर माणसाच्या ताटाचे काय झाले, हा प्रश्न मात्र आहारशास्त्राचा आहे. या परिसरातल्या मुलामुलींनी हे शास्त्र शिकताना सुरुवात तिथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

चिखलणी, लावणी, झोडणी करणाऱ्या शरीराला तांदळाच्या भाकरीची ऊर्जा लागत होती. कष्ट गेले, भाकरी तेवढीच राहिली, तर उरलेली ऊर्जा चरबी होऊन साठते. त्यात आपल्या शरीराची ठेवणच वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. तरीही आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबणारा सल्ला अपुरा पडतो.

आहाराची पाहणी करताना मागच्या 24 तासांत काय खाल्ले ते विचारतात. उत्तर येते, ‘दोन भाकऱ्या.’ पण कुणाची भाकरी 60 ग्रॅम पिठाची, कुणाची 100 ग्रॅमची. दोन भाकऱ्यांत 80 ग्रॅम पिठाचा, म्हणजे सुमारे 280 किलोकॅलरींचा फरक पडतो. तो चुकला की पुढचा सगळा हिशेब चुकला. पीठ मळायच्या आधी तराजूत घालून पाहणे हे या शास्त्राचे पहिले प्रात्यक्षिक, आणि ते चुलीपाशीच करावे लागते.

प्रथिनांचे गणित त्याहून उद्बोधक आहे. प्रौढ माणसाला रोज शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत. 60 किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. सुक्या बोंबलात शंभर ग्रॅमला साधारण 60 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे 25 ग्रॅम बोंबील जवळजवळ 65 ग्रॅम तूरडाळीच्या बरोबरीचे. रक्तदाबाच्या रुग्णाला ‘सुकी मासळी बंद’ असे सरसकट सांगितले जाते. पण वलांडीवर उन्हात वाळवलेला बोंबील सहसा बिनमिठाचा, तर खारा बांगडा मिठात मुरवलेला. दोन्हींना एकच नियम लावला, तर घरातले स्वस्त प्रथिन विनाकारण ताटातून जाते. मूत्रपिंडाच्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तिथे प्रथिने आणि फॉस्फरस दोन्ही मोजूनच द्यावे लागतात. हा भेद ज्याला करता येतो, तो आहारतज्ज्ञ.

आहारशास्त्राच्या पदवीत जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नरसायन, रोगानुसार आहार आणि समुदाय-पोषण हे विषय येतात. मुंबईत निर्मला निकेतनचे गृहविज्ञान महाविद्यालय आणि एसएनडीटी विद्यापीठ ही त्यासाठीची जुनी ठिकाणे. पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णालयातली उमेदवारी करून 1963 साली स्थापन झालेल्या इंडियन डायेटेटिक असोसिएशनची परीक्षा दिली की नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होता येते. 2021च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने या व्यवसायाला वैधानिक चौकट दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025च्या सत्रापासून हा विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यावर बंदी आणली, आणि ते योग्यच झाले. रुग्णाच्या खाटेजवळ उभे न राहता मधुमेहाचा आहार ठरवायला शिकता येत नाही.

नोकऱ्या मिळतात त्या बहुतेक शहरी रुग्णालयांत, अन्नप्रक्रिया उद्योगात, खेळाडूंच्या प्रशिक्षण केंद्रांत. स्वतःचे सल्लाकेंद्रही काढता येते. गावपातळीवर मात्र पोषणाचा सल्ला देण्याचा भार अंगणवाडी सेविकेवर येतो आणि तिच्याकडे आधीच दहा कामे असतात. निदान तालुक्याच्या रुग्णालयात पूर्णवेळ आहारतज्ज्ञ असावा आणि त्याने आठवड्यातला एक दिवस गावात बसावे. सुकट, चिंबोरी, वालाचे बिरडे यांची मापे ज्या मुलीला लहानपणापासून माहीत आहेत, तिला या जागेवर आधी घ्यावे.