नवा बिऱ्हाडकरू

कोकणपट्टीतल्या माणसाची आणि माशाची गाठ पूर्वापार दोनच ठिकाणी पडत आली. एक बाजारात आणि दुसरी ताटात. दोन्ही ठिकाणी मासा भांडत नाही आणि शेजारी कोण आहे याची चौकशी करीत नाही. टोपलीत पापलेटाला खेटून बोंबील पडलेला असतो, त्याच्यावर बांगडा, आणि कुणाचीच कुणाबद्दल तक्रार नसते. त्यामुळे मासे ही मोठी गुण्यागोविंदाने राहणारी जमात आहे असा आपला समज झालेला आहे. जिवंत माशाला विचारून कुणी तो करून घेतलेला नाही.

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय उघडलं आणि मुंबईकराला जिवंत समुद्री मासा काचेपलीकडून बघायची सोय झाली. पण काचेसमोर चर्चा चालायची ती 'हा तळून बरा की कालवणात' याचीच. या पेटीत कोणाला कोणाबरोबर ठेवलंय आणि का ठेवलंय, असं विचारणारा गृहस्थ मला तरी तिथं भेटला नाही. वास्तविक घरात समुद्र पाळण्याच्या उद्योगात खरा अवघड प्रश्न तोच आहे. नव्या बिऱ्हाडकरूला आत घ्यायचं कसं?

हा उद्योग सुरू केला इंग्रजांनी. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. प्रवासासाठी बाईंनी ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजला टाके घालून बसवले. गोधडी शिवणाऱ्या बाईलाच सुचावी अशी युक्ती! पुढं समुद्राचं पाणी वारंवार आणणं जमेना, तेव्हा आहे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते, असा शोध लागला. बाईंचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीचे उपप्रमुख, तेव्हा ओतण्याचं काम अर्थातच मोलकरणीकडे गेलं. रोज अर्धा-पाऊण तास चहावाल्यासारखा समुद्र वरखाली करणाऱ्या त्या बाईचं नाव इतिहासात कुठं सापडत नाही.

१८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांना खूळ लागलं. गॉसने तर घरी समुद्र बनवायची कृतीच दिली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, आणि पाणी प्रमाणात. लोणच्याच्या मसाल्यापेक्षा सोपी! लोक बरण्या नि हातोड्या घेऊन किनाऱ्यावर धावले आणि जे सुंदर दिसेल ते खरवडून घरी घेऊन आले.

घरी आल्यावर त्या सुंदर मंडळींनी आपापले संस्कार दाखवले. फुलासारखं दिसणारं समुद्रफूल हे फूल नसून तोंड आहे, हे त्याने शेजारचा मासा गिळल्यावर समजलं. खेकडा शेजाऱ्याकडे नुसता डोकावत नाही, शेजाऱ्यालाच खातो. मग मेलेल्यांच्या जागी नवे आणायला लोक पुन्हा किनाऱ्यावर. गॉसच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात हळहळून नोंदवलंय की, ज्या खडकांतल्या डबक्यांचं सौंदर्य वडिलांनी लोकांना दाखवलं, ती डबकी त्याच लोकांनी ओरबाडून रिकामी केली.

हे सगळं मी वाचलं त्याला कारण माझा पुतण्या. त्याने तीनेक वर्षांपूर्वी चार फुटी काचेची पेटी आणली, मिठाच्या पाकिटांनी तिच्यात समुद्र तयार केला आणि मासे आणले ते साडीच्या दुकानात साड्या निवडतात तसे. दोन नारंगी क्लाउनफिश, दोन निळ्या डॅमसेल आणि एक झालरी-पिसारे लावलेला ऐटबाज लायनफिश. "काका, कलर कॉम्बिनेशन बघा!" म्हणाला. कॉम्बिनेशन तिसऱ्या दिवशी बदललं. एक डॅमसेल नाहीशी झाली आणि लायनफिशच्या पोटाला गोलाई आली. लायनफिशचा हिशेब सरळ असतो. तोंडात मावतो तो घास, मावत नाही तो शेजारी.

खरं तर लायनफिश नसता तरी त्या दोन डॅमसेलींनी एकमेकींना सुखाने जगू दिलं नसतं. पुढं नोबेल मिळवणाऱ्या कोनराड लोरेन्झने १९६३च्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच या भांडणाने केली आहे. त्याने आपल्या पेटीत प्रवाळातले रंगीत मासे सोडले आणि पाहिलं तर बहुतेक हल्ले परक्यावर नव्हे, आपल्याच जातीच्या माशावर! परका वेगळं खातो, वेगळ्या भोकात राहतो. त्याच्याशी वैर कशाला? आपल्याच जातीचा मात्र तोच घास आणि तेच बीळ मागतो. ते भडक रंग म्हणजे 'ही जागा भरलेली आहे' अशी पाटीच, असं लोरेन्झचं म्हणणं. ते सगळ्याच माशांना लागू पडत नाही हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं, पण भाऊबंदकीबद्दल आपल्याला काही नवीन शिकायला मिळालं असंही नाही. समुद्रात हरलेला मासा दहा हात लांब पळतो आणि भांडण मिटतं. काचेच्या पेटीत पळून पळून तो पुन्हा त्याच मारकुट्याच्या दारात येतो.

क्लाउनफिशचं घराणं त्यातल्या त्यात शिस्तीचं. सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्याखालोखाल तिचा नवरा, बाकीची पोरंसोरं ताबेदार. मादी गेली तर नवराच मादी होतो आणि पोरांतला मोठा नवऱ्याच्या जागी चढतो, हे १९७७ साली प्रसिद्ध झालं. म्हणून दोन छोटी पोरं एकत्र आणली की त्यातलं दांडगं बायको होतं आणि संसार सुरळीत चालतो. दोन तयार माद्या एकत्र ठेवल्या तर मात्र एका म्यानात दोन तलवारी. माणसांच्या पत्रिका बघणाऱ्यांनी ही छत्तिसाव्या गुणाची भानगड एकदा अभ्यासावी.

लायनफिश परत गेला आणि रिकाम्या जागी पुतण्याने 'पावडर ब्लू टँग' आणला. आकाशी अंग, पिवळा पंख. देखणेपणाबद्दल वाद नाही. दुकानदार म्हणाला, "एकदम फ्रेश आहे, साहेब." हाच शब्द मी मासळीबाजारातही ऐकतो, पण तिथं त्याचा अर्थ मला कळतो. तीन दिवसांनी टँगच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके दिसले. मग क्लाउनफिशच्या अंगावर. पंधरवड्यात पेटीत नुसतं पाणी आणि दिवे उरले. पुतण्या दोन दिवस धड जेवला नाही. आम्ही कुणी त्याची थट्टा केली नाही.

या ठिपक्यांनी भल्याभल्यांची मत्स्यालयं रिकामी केली आहेत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १९२४ साली मोठं नवं मत्स्यालय बांधलं. तिथल्या समुद्री माशांवर पसरणाऱ्या मखमली बुरशीसारख्या रोगाचा सूक्ष्मजीव १९३१ साली ई. एम. ब्राऊन या संशोधकांनी शोधून काढला. पांढऱ्या ठिपक्यांच्या जंतूचं वर्णन त्याच दशकात जपानात झालं होतं. त्याचं 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' हे बारसं ब्राऊन यांनीच १९५१ साली केलं. नावात 'इरिटन्स' आहे, यावरून बारसं करणाऱ्यांची मनःस्थिती ध्यानात येते.

हा जंतू काही दिवस माशाच्या कातडीत बसून खातो, मग तळाला पडून कवचात शिरतो, आत फुटून एकाचे शेकडो होतो, आणि ती पिल्लावळ नवा मासा शोधत पोहत निघते. तिच्याजवळ वेळ थोडा असतो. मोकळ्या समुद्रात बहुतेकींना मासा भेटतच नाही, म्हणून तिथं एखाद-दुसरा ठिपका म्हणजे पडसं. चार फुटांच्या पेटीत मात्र मासा न भेटायला जागाच कुठं आहे?

औषध सापडलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात. रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी १९५५ साली मखमली रोगावर मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, उपाय प्रसिद्ध केला आणि पुढं तो ठिपक्यांवरही चालू लागला. पण तांब्याला दोन खोडी. एक म्हणजे ते पोहणारी पिल्लंच मारतं. कवचातल्यांना आणि कातडीत बसलेल्यांना धक्का लागत नाही, म्हणून मात्रा आठवडेच्या आठवडे टिकवावी लागते. दुसरी खोड अशी की, त्याने प्रवाळ, गोगलगायी, कोळंब्या यांचाही कारभार आटोपतो. म्हणून औषध मोठ्या पेटीत घालायचंच नाही. नव्या पाहुण्याला आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं. वाळू नाही, दगड नाही. लपायला प्लंबरकडचा प्लॅस्टिकचा पाइप. जाळी वेगळी, बादली वेगळी. तो खातो का, कल्ले जोरजोरात हलवतो का, अंग घासतो का, हे चार ते सहा आठवडे बघत बसायचं.

ही कल्पना माशांच्या शौकिनांची नव्हे. प्लेगच्या गावाहून येणाऱ्यांना १३७७ साली रागूसा, म्हणजे आजचं डुब्रॉव्हनिक, या बंदराने तीस दिवस बाहेर थांबवलं. पुढं तीसाचे चाळीस झाले आणि इटालियनमधल्या चाळिसावरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. मुंबईत १८९६चा प्लेग आला तेव्हा सक्तीच्या विलगीकरणाला लोक इतके भ्याले की घरातला रोगी लपवू लागले. १८९७चा साथीचा कायदा २०२०मध्ये पुन्हा बाहेर निघाला आणि महाराष्ट्रात डाव्या हातावर शिक्के पडले. त्या शिक्क्यानंतर कुणी 'क्वारंटाइन म्हणजे काय' असं विचारीत नाही.

अपवाद आमची आई. पुतण्याने मोठी पेटी अडीच महिने माशांवाचून ठेवली, म्हणजे उरलेले जंतू उपाशी मरावेत, आणि मग क्लाउनफिशची एक जोडी आणून मोरीशेजारच्या छोट्या पेटीत ठेवली. आई बघायला गेली.

"हे रे काय? एवढी मोठी पेटी बाहेर असताना ही बिचारी अंधारात का?"

"आजी, पाच आठवडे इथंच ठेवायची. बाहेरचं काही लागू नये म्हणून."

"पाच आठवडे म्हणजे सव्वा महिनाच की," आई म्हणाली. "मग बाळंतिणीची खोली आहे म्हण ना सरळ!"

तेव्हापासून त्या खोलीवर तिचाच अंमल आहे. मोरीत धुणं आपटायला बंदी झाली आणि बघायला येणाऱ्याला आधी हातपाय धुवावे लागतात. पुतण्याने एकविसाव्या दिवशी "आता छान खातायत, सोडू का?" असं विचारून पाहिलं. तिने त्याला भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर नेऊन उभं केलं. पुढच्या महिन्याच्या पानावर, 'गॅस नंबर लावणे' याच्या खालच्या चौकोनात, पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'मासे बाहेर. सकाळी.'