हमामाची भट्टी भिंतीबाहेर का असायची?

गेल्या डिसेंबरात आमच्या घरी आठवडाभर एकच वाद चालू होता. न्हाणीघरात गॅसचा गिझर लावायचा की विजेचा? धाकट्या भावाचं म्हणणं, गॅस स्वस्त पडतो, पाणी लगेच मिळतं आणि वीज गेली तरी अडत नाही. अम्मीचं मागणं एवढंच, की फजरच्या वुजूला कोमट पाणी मिळावं. थंडीत तिची बोटं आखडतात. मी सवयीप्रमाणे पुस्तकं काढून बसलो, त्यावर सगळे हसले. पण पाणी तापवण्याचा इतिहास बराच जुना आहे आणि मला तो या वादात उपयोगी पडला.

इब्न बतूता 1327 मध्ये बगदादला पोहोचला, तेव्हा तिथल्या हमामांवर तो खूश झाला. प्रत्येकाला नहायला वेगळी खोली, त्यात संगमरवरी कुंड आणि कुंडाला दोन तोट्या, एक गरम पाण्याची, एक गार. आपण ज्याला आधुनिक सोय समजतो, ती सातशे वर्षांपूर्वी सामान्य गिऱ्हाइकाला मिळत होती. पुढे बाबर हिंदुस्थानात आला, तेव्हा इथे हमाम नाहीत ही त्याची एक मोठी तक्रार होती. ती त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवली आणि आग्र्याला स्वतःचा हमाम बांधून घेतला. दख्खनमध्ये बिदरच्या किल्ल्यात शाही हमाम आहे, आज त्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय भरतं. खानदेशची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर, तिथल्या किल्ल्यातला हमामही बघण्यासारखा आहे. मुंबईत फोर्टमध्ये तर एका रस्त्याचंच नाव हमाम स्ट्रीट. शेअरबाजाराच्या शेजारच्या त्या गल्लीत आता नहायला कोणी जात नाही, हे सांगायला नको.

या हमामांच्या बांधणीतली एक गोष्ट माझ्या मनात राहिली. आग कधीच नहाणाऱ्याच्या खोलीत नसे. भट्टीला फारसीत गुलखन म्हणत. ती भिंतीपलीकडे असे, तिचा दरवाजा वेगळा, लाकडं टाकणारा माणूस वेगळा. वर पाण्याची मोठी कढई. गरम धूर फरशीखालच्या पोकळीतून फिरून भिंतीतल्या नळांवाटे बाहेर पडे. आतल्या माणसाला मिळे ती फक्त ऊब. काश्मीरच्या मशिदींमधले हमाम आजही साधारण याच रीतीने चालतात.

आपल्या बंबाचंही तसंच. तांब्याचा बंब, मधोमध धुराडं, खाली निखारे. आमच्याकडे तो मागच्या अंगणात असायचा. पहाटे दादी हाक मारायची, ‘बंब सुलगाया क्या रे?’ धूर डोळ्यांत जायचा, पण तो आभाळाखाली. पाणी बादलीत घेऊन आत यायचं, आग बाहेरच राहायची.

ही रीत मोडली लंडनमध्ये. 1868 साली बेंजामिन वॉडी मॉन नावाच्या रंगाऱ्याने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलंडच्या उकळत्या कारंज्यावरून त्याला ‘गिझर’ हे नाव दिलं. शब्द तिथून आपल्याकडे आला. त्याच्या यंत्राला धुराडंच नव्हतं. ज्योतीचा सगळा धूर नहाणाऱ्याच्या खोलीत. पुढच्या कारागिरांनी धुराडं जोडलं, टाकी जोडली. आपण मात्र बंद न्हाणीघरात बिनधुराड्याचा गिझर टांगून पुन्हा 1868 मध्ये जाऊन बसतो.

भावाला मी हिशेब मांडून दाखवला. 15 लिटरची बादली 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायची तर सुमारे 0.44 युनिट उष्णता लागते, इंधन कोणतंही असो. 2 किलोवॉटच्या विजेच्या गिझरला त्यासाठी तेरा-चौदा मिनिटं लागतात, म्हणून त्याला टाकी लागते. गॅसचा गिझर तेच पाणी मिनिटाला 6 लिटर या वेगाने देतो. त्यासाठी 10 किलोवॉटहून अधिक उष्णता पाण्यात जावी लागते. म्हणजे स्वयंपाकघरातल्या शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम पेटवून न्हाणीघरात ठेवले, दार लावलं, खिडकीला थंडीसाठी पुठ्ठा लावला. हवेतला ऑक्सिजन कमी पडू लागला की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, या वायूला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला चक्कर येते, पाय लटपटतात आणि कडी काढायचं भान राहत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. आमच्या मागच्या गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा असाच दार फोडून बाहेर काढावा लागला. तो वाचला.

अम्मी हे ऐकत होती. तिला मी अम्र बिन आस यांचा प्रसंग सांगितला. जातुस्सलासिलच्या मोहिमेत कडाक्याच्या थंडीत त्यांना गुस्लची गरज होती. गार पाण्याने जीव जाईल अशी भीती वाटली, म्हणून त्यांनी तयम्मुम करून नमाज पढवली. तक्रार हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यापर्यंत गेली, तेव्हा अम्र यांनी स्वतःचा जीव घेऊ नका या अर्थाची आयत सांगितली. हुजूर हसले आणि काही बोलले नाहीत. हदीस अबू दाऊदमध्ये आहे. अम्मी म्हणाली, ‘मग भांडता कशाला?’

गॅस वाईट असं माझं म्हणणं नाही. गिझर बाहेरच्या गॅलरीत बसवून पाण्याचा पाइप तेवढा आत घेता आला असता, तर मी भावाच्या बाजूने मत दिलं असतं. आमच्या न्हाणीघराला बाहेरची भिंतच नाही, तिन्ही बाजूंना खोल्या. त्यामुळे विजेचा ठरला, 15 लिटरचा, टाकीवाला. पहाटे वीज गेली तरी टाकीतलं पाणी काही तास गरम राहतं, म्हणून भावाचीही समजूत पटली.

वायरमन आला, त्याने सॉकेट उघडून पाहिलं तर अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नव्हती. इतकी वर्षं तिसरं भोक नुसतं शोभेला होतं. आधी अर्थिंग, मग गळती पकडणारा ब्रेकर, त्यानंतर गिझर, असं त्याने बजावलं आणि दोन दिवसांनी येतो म्हणून गेला. तोवर अम्मीचं पाणी स्वयंपाकघरात पातेल्यात तापत होतं, खिडकी उघडी ठेवून.