निवृत्त पोलीस आणि शस्त्रपरवाना (सुरत)

सेवेतून निवृत्त झालेल्या पोलिसांनी स्वसंरक्षणासाठी पिस्तूल, रिव्हॉल्व्हर वा बंदूक बाळगण्यासंबंधीची कायदेशीर व्यवस्था. भारतात केवळ पूर्वीच्या पोलीस सेवेमुळे शस्त्र बाळगण्याचा हक्क मिळत नाही. गुजरातमधील सुरत शहरातही निवृत्त पोलिसाला इतर नागरिकांप्रमाणे परवाना घ्यावा लागतो.

कायद्याचा आधार : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार बंदुकीसाठी परवाना बंधनकारक आहे. कलम ४५ मधील सूट लोकसेवकाला कर्तव्य बजावण्यापुरतीच आहे. त्यामुळे निवृत्तीबरोबर ती संपते आणि सरकारी शस्त्र खात्यात जमा करावे लागते. शस्त्र नियम, २०१६ मध्ये मात्र लष्कर, केंद्रीय सशस्त्र दले व राज्य पोलीस यांत सेवेत असलेल्या किंवा सेवा केलेल्या व्यक्तींचा वेगळा उल्लेख आहे. त्यांच्या अर्जाचा विचार करताना जीवित वा मालमत्तेच्या संरक्षणाची खरी गरज आहे का, हे पाहिले जाते.

परवाना : सुरत शहरात पोलीस आयुक्त, तर जिल्ह्याच्या उर्वरित भागात जिल्हा दंडाधिकारी परवाना देतात. त्याआधी संबंधित पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. नकार मिळाल्यास कलम १८ खाली अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. पोलिसांच्या वापरातील ९ मिमी पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते. खाजगी परवान्यावर सहसा .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेतले जाते.

बाळगण्याचे नियम : सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले व ताब्यात असावे लागते. त्यामुळे भारतात ‘लपवून बाळगण्याचा’ स्वतंत्र परवाना नाही. शस्त्र मिरवणे निषिद्ध आहे. हर्षगोळीबारात बेपर्वाईने इतरांचा जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याशिवाय, सुरत मुंबई राज्यात असताना झालेला १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आज गुजरात पोलीस अधिनियम या नावाने लागू असून, त्याच्या कलम ३७ खाली आयुक्त ठराविक काळासाठी शस्त्रबंदी जाहीर करू शकतात. निवडणूक काळात छाननीनंतर परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेतली जातात.

संरक्षणाची मर्यादा : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार, ज्यांना सरकारच्या मंजुरीशिवाय पदावरून दूर करता येत नाही अशा लोकसेवकांवर कर्तव्यातील कृत्यासाठी खटला चालवायचा असल्यास पूर्वमंजुरी लागते. हे संरक्षण निवृत्तीनंतरही टिकते, पण ते सेवाकाळातील कृत्यांनाच. निवृत्तीनंतर झाडलेल्या गोळीचे समर्थन भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ मधील खाजगी बचावाच्या हक्काखालीच करावे लागते.

तुलना : अमेरिकेत २००४ च्या संघीय कायद्याने किमान दहा वर्षे (मुळात पंधरा) सेवा करून सन्मानाने निवृत्त झालेल्या, ओळखपत्र व नेमबाजीच्या वार्षिक चाचणीची अट पाळणाऱ्या अधिकाऱ्यांना बहुतेक राज्यीय निर्बंधांतून सूट दिली. तेथे सेवेतून हक्क निर्माण होतो. भारतात ती परवान्याच्या अर्जातील एक विचारार्ह बाब ठरते.