विलंबाची किंमत : आधी कोणते काम?

हाती कामे अनेक आणि माणसे व दिवस मोजके असतील, तर कोणते काम आधी घ्यावे? सर्वसाधारणपणे ज्याचा तगादा मोठा त्याचे काम, किंवा ज्यात सर्वाधिक पैसा दिसतो ते काम पुढे ढकलले जात नाही. उत्पादन-विकासाच्या शास्त्रात मात्र या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या मोजमापाने दिले जाते. एखादे काम एक दिवस किंवा एक आठवडा उशिरा झाल्यास नेमके किती नुकसान होते, हे ते मोजमाप होय. त्यालाच 'विलंबाची किंमत' किंवा 'कॉस्ट ऑफ डिले' म्हणतात. ही संकल्पना संगणक क्षेत्रात रुळलेली असली, तरी ती समजून घेण्यास कोकणातील हापूसच्या हंगामाइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

संकल्पनेचा प्रवास

एकाच यंत्रावर अनेक कामे करायची असताना त्यांचा क्रम कसा लावावा, याचे गणिती उत्तर वेन स्मिथ यांनी १९५६ मध्ये मांडले. कामाचे महत्त्व भागिले त्यास लागणारा वेळ, हे गुणोत्तर ज्याचे अधिक ते काम आधी, असा तो नियम. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी 'अ‍ॅजाईल' जाहीरनामा तयार केला. काम लहान टप्प्यांत पूर्ण करून वरचेवर ग्राहकाच्या हाती देणे आणि बदलत्या गरजेनुसार पुढील आखणी करणे, ही त्यामागील भूमिका. साहजिकच दर काही आठवड्यांनी 'आता पुढे काय?' हा प्रश्न उभा राहू लागला. डोनाल्ड रायनर्टसन यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात विलंबाची किंमत या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आणली आणि स्मिथ यांच्या जुन्या नियमाला उत्पादन-विकासात नवे स्थान मिळाले.

दापोलीतील संशोधन

दापोली येथे १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील आंबा संशोधनाकडे वेळेच्या अर्थशास्त्रातून पाहता येते. हंगामाच्या प्रारंभी वाशीच्या घाऊक बाजारात पोहोचलेल्या हापूसच्या पेटीला जो भाव मिळतो, तो मे महिन्यात आवक वाढल्यावर राहत नाही. पाऊस सुरू झाला की उरलेले फळ हातचे जाते.

विद्यापीठाच्या प्रयोगांतून पॅक्लोब्युट्राझोल या वाढनियंत्रकाच्या वापराची शिफारस पुढे आली. बागायतदारांमध्ये ते 'कल्टार' या नावाने परिचित आहे. साधारणपणे १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात ते कलमाच्या बुंध्याभोवती जमिनीत दिले जाते. त्यामुळे पालवीची वाढ आटोक्यात राहून मोहोर लवकर व अधिक नियमित येतो. झाड तेच आणि फळही तेच. बदलते ती बाजारात पोहोचण्याची तारीख. उत्पन्नातील फरक त्या तारखेमुळे पडतो.

एक हिशेब

समजा, मार्च महिन्यात एका बागायतदारापुढे तीन कामे आहेत आणि ती करण्यास गड्यांची एकच तुकडी आहे. तयार आंब्याची काढणी तीन दिवसांची असून प्रत्येक दिवसाच्या उशिराने ३,००० रुपयांचे नुकसान होते. उशिरा मोहोरलेल्या कलमांवर तुडतुड्यांसाठी करावयाची फवारणी एका दिवसाची, तर तिच्या विलंबाचे नुकसान दररोज २,००० रुपये. शेडच्या दुरुस्तीला सहा दिवस लागतात आणि तिच्या विलंबाचे नुकसान दररोज ५०० रुपये आहे.

सर्वांत मोठे काम म्हणून दुरुस्ती आधी, मग काढणी आणि शेवटी फवारणी केली, तर एकूण नुकसान ५०,००० रुपये होते. दररोजचे नुकसान सर्वाधिक म्हणून काढणी, फवारणी, दुरुस्ती असा क्रम लावल्यास ते २२,००० रुपयांवर येते. दररोजच्या नुकसानास लागणाऱ्या दिवसांनी भागले, तर फवारणी २,०००, काढणी १,००० आणि दुरुस्ती सुमारे ८३ असे आकडे मिळतात. त्या क्रमाने गेल्यास नुकसान १९,००० रुपये होते. गडी तेवढेच, दिवसही एकूण दहाच. केवळ क्रमाने ३१,००० रुपयांचा फरक पडतो.

हा क्रम कायमचा नसतो. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आला असता, त्याच शेडच्या दुरुस्तीची विलंबाची किंमत एकदम वाढते. म्हणूनच 'अ‍ॅजाईल' पद्धतीत कामांची यादी ठराविक काळाने नव्याने तपासली जाते.

मर्यादा

विलंबाची किंमत हा अंदाज असतो आणि ज्याचे मोल रुपयांत सहज मांडता येत नाही, ते त्यातून निसटते. वाढनियंत्रकाच्या बाबतीत लवकर मिळणारा भाव लगेच दिसतो. मात्रा चुकल्यास किंवा अशक्त झाडाला ते दिल्यास होणारी हानी पुढील वर्षांत दिसते. म्हणूनच कलमाच्या विस्तारानुसार मात्रा ठरविणे आणि खतांची जोड देणे आवश्यक मानले जाते.

दीर्घ मुदतीच्या कामांचेही तसेच आहे. नीलम व हापूस यांच्या संकरातून विद्यापीठाने विकसित केलेली 'रत्ना' ही जात १९८१ मध्ये प्रसारित झाली. हापूसला सतावणारा साका तिच्यात आढळत नाही. अशा संकराला अनेक वर्षे लागतात. दर आठवड्याच्या नुकसानीचा हिशेब केला असता, तर हे काम यादीत कधीच वर आले नसते. त्यामुळे सॉफ्टवेअर कंपन्यांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या 'सेफ' या कार्यपद्धतीत तात्कालिक लाभ व निकड यांच्याबरोबर भावी धोका कमी करणे आणि नव्या संधी खुल्या करणे यांनाही गुण दिले जातात. रोजच्या कामांचा क्रम विलंबाच्या किमतीने ठरवावा. दीर्घ पल्ल्याच्या कामासाठी मात्र माणसे आणि वेळ वेगळा राखून ठेवावा, हेच व्यवहार्य ठरते.