१९११-१९२१ : घटत्या लोकसंख्येचे दशक

विसाव्या शतकातील भारताच्या जनगणनांचा विचार करता, लोकसंख्येत घट नोंदविली गेलेले १९११-२१ हे एकमेव दशक होय. आजच्या सीमांतील भारताची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे २५.२१ कोटी होती. ती १९२१ मध्ये २५.१३ कोटींवर आली. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात तर ही घट जवळपास ३ टक्के होती.

या घटीचे प्रमुख कारण म्हणजे १९१८ ची इन्फ्ल्युएन्झाची साथ. जूनमध्ये मुंबईत शिरलेली ही साथ रेल्वेमार्गाने देशभर पसरली. अविभाजित भारतात तिने १ कोटी २० लाख ते २ कोटी बळी घेतले असावेत, असे विविध अंदाज सांगतात. तथापि, साथीच्या तीव्रतेला आर्थिक पार्श्वभूमीही होती. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि महायुद्धामुळे धान्य व कापड महागले होते. अर्धपोटी राहणाऱ्या वर्गाला आजाराची झळ अधिक बसली.

याउलट, मुंबईतील कापडगिरण्यांनी युद्धकाळात मोठा नफा कमावला. मजुरी मात्र महागाईच्या मागेच राहिली. परिणामी जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले.

दशवार्षिक आकडेवारी दोन टोकांची तुलना करते. मधल्या वर्षांची उलथापालथ तीत झाकली जाते. सुमारे ८ लाखांच्या घटीआड कोट्यवधी मृत्यू दडले आहेत. १९२१ नंतर लोकसंख्या सातत्याने वाढत गेल्याने त्या वर्षास ‘महाविभाजक वर्ष’ म्हटले जाते. परंतु त्या विभाजनरेषेची किंमत प्रामुख्याने गरिबांनी मोजली, हे इतिहासलेखनाने विसरता कामा नये.