तटबंदीच्या आतील बिदर : एक नगर, एक कारागिरी आणि कालनिश्चितीचा प्रश्न

मराठी वाचकास बिदर हे नाव बहुधा दामाजीपंतांच्या कथेतून प्रथम भेटते. दुष्काळात मंगळवेढ्याची धान्यकोठारे रयतेस खुली केल्याबद्दल बादशहाचा रोष पंतांवर ओढवला आणि विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने बिदरच्या दरबारात रक्कम भरली, ही कथा कीर्तनपरंपरेने घरोघर पोहोचविली. प्रशासकीय इतिहासातही हे नगर आपणांस दूरचे नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच मोडत होते. असे असूनही आपल्या महाविद्यालयांच्या अभ्याससहली बिदरला जातात, तेव्हा त्यांचा क्रम ठरलेला असतो. प्रथम किल्ला, मग महमूद गवानचा मदरसा, त्यानंतर अष्टूर येथील बहमनी सुलतानांच्या कबरी आणि परतीच्या घाईत एखाद्या बिदरी दुकानात अर्धा तास. प्रस्तुत लेखकाची पहिली भेटही अशीच झाली. दुसऱ्या भेटीत हा क्रम उलटा केला, तेव्हा काही निराळे प्रश्न समोर आले. त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

अहमदशाह वली याने पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलविली. जांभ्या दगडाच्या पठाराच्या कडेवर किल्ला उभा राहिला. नगराच्या बाजूस त्याच खडकात तिहेरी खंदक कोरण्यात आला. त्याच शतकात आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन याने सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे असल्याचे व प्रत्येक दरवाजावर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करणारे लेखनिक बसत असल्याचे लिहून ठेवले आहे. वाड्याचा हा कडेकोट बंदोबस्त आणि बाहेरील नगराचा तट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नगराभोवतीची शहरपनाह आज ज्या स्वरूपात दिसते, ती मुख्यतः बरीदशाहीतील अली बरीद (१५४२-१५८०) याच्या कारकिर्दीतील. म्हणजे राजधानी बहमनींची, परंतु तिला वेढणारा तट बऱ्याच अंशी त्यांच्या पश्चातला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील विवेचनात तिचा उपयोग होणार आहे.

शाहगंज, फतेह, मंगळपेठ, दुल्हन आणि तलघाट या नगराच्या वेशी. आतील मुख्य रस्ते चौबारा नावाच्या सुमारे सत्तर फूट उंचीच्या वर्तुळाकार बुरुजापाशी एकमेकांस छेदतात. टेहळणीसाठी बांधलेल्या या बुरुजाच्या पायथ्याशी आज भाजीपासून भांड्यांपर्यंत सर्व काही विकले जाते. जुन्या वस्तीचे चार भाग चार तालमींच्या नावांनी ओळखले जात. ‘तालीम’ हा शब्द मराठीत कुस्तीच्या आखाड्याचा वाचक आहे आणि बिदरमध्येही त्याचा मूळ संबंध शारीरिक कसरतीच्या शाळांशीच होता. यांपैकी सिद्दीक तालमीच्या परिसरात बिदरी कारागिरांची वस्ती आहे. ज्या गल्लीने एकेकाळी लढवय्ये घडविले, तिच्या नावाने आज छिन्नी-हातोडी चालविणारे ओळखले जातात.

बिदरीची प्रक्रिया अनेकांनी वर्णिली आहे, परंतु इतिहासाच्या अभ्यासकांनी ती पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. जस्तात अल्प प्रमाणात तांबे मिसळून वस्तू मातीच्या साच्यात ओततात. कानशीने ती गुळगुळीत केल्यावर मोरचुदाचे पाणी फासून पृष्ठभाग तात्पुरता काळा करतात, म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते. छिन्नीने कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. तारेच्या कामास तारकशी म्हणतात, तर पत्र्याच्या कामास तहनिशान. शेवटी वस्तू किंचित तापवून तिच्यावर नवसागर व किल्ल्यातील माती यांचा लेप चोळतात. जस्त कायमचे काळे पडते आणि चांदीस धक्काही लागत नाही. ही माती कोठलीही चालत नाही. ऊन-पाऊस न लागलेल्या, शतकानुशतके बंद राहिलेल्या जागेचीच ती हवी. एका वयस्क उस्तादांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवून ती कशी पारखतात हे दाखविले. तिच्यातील सोऱ्यासारख्या क्षारांची ओळख जिभेला पटते, एवढाच याचा अर्थ. परंतु किल्ला आणि कारागीर यांचा संबंध दरबारी आश्रयापुरता नसून रासायनिकही आहे, हे त्या क्षणी जसे उमगले तसे कोणत्याही ग्रंथातून उमगले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सर्वत्र सांगितली जाणारी परंपरा अशी की, अब्दुल्ला बिन कैसर नावाच्या इराणी कारागिराने बहमनी सुलतानांच्या आश्रयाने ही कला बिदरला आणली. पर्यटन-पुस्तिकांत हे निर्विवाद सत्य म्हणून छापले जाते, आणि खेदाची बाब अशी की काही क्रमिक पुस्तकांतही. समकालीन साधनांचा आधार मात्र यास मिळत नाही. निकितीनने बिदरच्या बाजारातील घोडे, रेशीम व गुलाम यांचा उल्लेख केला आहे, बिदरी वस्तूंचा नाही. आज संग्रहालयांत असलेल्या जुन्यात जुन्या बिदरी वस्तू सतराव्या शतकाच्या मागे खात्रीने नेता येत नाहीत. त्यांत हुक्क्याच्या बैठकी विपुल आहेत. तंबाखू दख्खनमध्ये रुळली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस. १६०४ च्या सुमारास असद बेगला ती विजापुरात प्रथम दिसली आणि त्याने ती अकबराच्या दरबारी नेली. तेव्हा बिदरीची सर्वांत लोकप्रिय वस्तू बहमनी काळात असणेच शक्य नव्हते.

मग ही कला निश्चितपणे उत्तरकालीन म्हणावी काय? अनुल्लेख हा अभावाचा पुरावा नव्हे. शिवाय जस्त ही ओतभट्टीत हाती लागणारी धातू नाही. ९०७ अंश सेल्सियसला तिची वाफ होते. म्हणून ती ऊर्ध्वपातनाने मिळवावी लागते आणि उदयपूरजवळील जावर येथे हे काम मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर होत असे. बिदरचा जांभा जस्त देत नाही. धातू वेशींमधून व्यापारानेच येणार आणि असा व्यापार बहमनी काळातही संभवनीय होता. मात्र एक दुवा प्रस्तुत लेखकास महत्त्वाचा वाटतो. किल्ल्यातील रंगीन महालात अली बरीदच्या काळचे शिंपल्याचे जडावकाम आहे. काळ्याभोर दगडात कोरलेल्या खाचांत पांढरा, चमकता शिंपला बसविलेला. बिदरीची दृष्टी हीच आहे, केवळ माध्यम निराळे. यावरून बिदरी त्याच दशकांत जन्मली असे सिद्ध होत नाही. तथापि जी अभिरुची या कारागिरीच्या मुळाशी आहे, तिचा ठळक पुरावा राज्य आक्रसलेल्या बरीदशाहीत सापडतो. साम्राज्याच्या वैभवकाळातच कला फुलते, या आपल्या वर्गातील सोयीस्कर गृहीतकास येथे तडा जातो. नगराचा तट आणि त्या तटाआडची ही अभिरुची एकाच लहान राज्याच्या आस्थेतून आलेली असावीत, असा तर्क करण्यास जागा आहे.

१६५७ मध्ये औरंगजेबाने बिदर घेतले. वेढ्यात एका बुरुजावरील दारूचा साठा भडकला आणि किल्लेदार सिद्दी मर्जान प्राणांतिक जखमी झाला. पुढे १६९६ मध्ये स्फोटाने गवानच्या मदरशाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. १४७२ ची ती इमारत आज एकाच मिनारानिशी उभी आहे. राजवटी बदलल्या, हुक्क्याच्या बैठकी मात्र घडतच राहिल्या. मोगल व निजामी काळातील गिऱ्हाईक बदलले तसे नक्षीचे नमुने बदलले. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली. या सन्मानांनी गल्लीतील मजुरी किती वाढली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

निरोप घेताना त्या उस्तादांना त्यांच्या घराण्याचे मूळ विचारले. क्षणाचाही विलंब न लावता त्यांनी इराण असे उत्तर दिले आणि पुन्हा कानस हाती घेतली. वर मांडलेली शंका त्यांच्यापुढे बोलून दाखविण्याचे धैर्य झाले नाही. टिपणवहीत त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत, ‘मौखिक परंपरा’ या शीर्षकाखाली नोंदविले आहे.