फुप्फुसातला हरवलेला दुवा

शाळेत आपण सगळ्यांनी हृदयाची आकृती काढली आहे. एका बाजूला निळा रंग, दुसऱ्या बाजूला लाल, मध्ये जाड पडदा आणि शेजारी दोन फुप्फुसं. निळं रक्त फुप्फुसात जातं, लाल होऊन परत येतं. पाच मार्कांचा प्रश्न, दहा मिनिटांचं काम. पण निळ्यापासून लालपर्यंतची ती एवढीशी रेघ काढायला माणसाला जवळजवळ दीड हजार वर्षं लागली.

सुरुवात गेलनपासून करू. इ. स. १२९ च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गममला जन्मलेला हा ग्रीक वैद्य. तरुणपणी ग्लॅडिएटरांच्या जखमा शिवल्या, पुढे रोमन सम्राटांचा वैद्य झाला. रोममध्ये माणसाचं प्रेत फाडून पाहायची सोय नव्हती, म्हणून त्याने माकडं आणि डुकरं फाडली. त्याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं आणि पाटाचं पाणी शेतात मुरावं तसं शरीरात मुरून संपतं. परत येत नाही. मग डाव्या कप्प्यात रक्त येतं कुठून? तर मधल्या पडद्यात बारीक भोकं आहेत, त्यातून ते झिरपतं. भोकं दिसत नाहीत, कारण ती फारच बारीक! फुप्फुसाकडे मुख्य काम हृदयाला थंड ठेवायचं. आपणही मराठीत 'छातीचा भाता' म्हणतोच.

गेलनला हसू नये. धमन्यांत हवा नसून रक्त असतं, हे त्यानेच प्रयोगाने दाखवलं होतं. गोची अशी झाली की पुढची तेरा शतकं त्याचा ग्रंथ हाच पुरावा मानला गेला. आमच्या क्षेत्रात जुन्या सिस्टिममध्ये कोणीतरी 'इथे हात लावू नये' असं लिहून ठेवतो आणि नंतरचे वीस जण खरंच हात लावत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत फुप्फुस रक्ताच्या फेसापासून बनतं असं म्हटलं आहे. मला ही कल्पना विलक्षण वाटते, कारण फुप्फुस हाताळायला खरोखरच फेसासारखं, हवेने भरलेलं असतं. लिहिणाऱ्याने ते नीट पाहिलं असणार. म्हणून रक्ताभिसरण आपल्याला आधीच ठाऊक होतं, असं मात्र यातून निघत नाही. तशा ई-मेल फिरतात, त्या वाचून सोडून द्याव्यात.

गेलनची चूक पहिल्यांदा स्पष्ट लिहिणारा माणूस म्हणजे इब्न अल्-नफीस. जन्म दमास्कसचा, १२१३ चा, कारकीर्द कैरोतली. इब्न सिनाच्या ग्रंथातल्या शरीररचनेवर १२४२ मध्ये त्याने भाष्य लिहिलं. त्यात तो सरळ म्हणतो की पडदा घट्ट आहे, त्यात दिसणारी किंवा न दिसणारी कसलीच भोकं नाहीत, तेव्हा रक्त फुप्फुसातून फिरून, हवेत मिसळूनच डावीकडे जात असलं पाहिजे. गंमत म्हणजे धर्मनियम आणि भूतदया यांमुळे आपण शवविच्छेदन टाळलं, असंही तोच लिहितो. हे भाष्य नंतर विस्मृतीत गेलं. १९२४ मध्ये एका तरुण इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचं हस्तलिखित सापडलं, तेव्हा कुठे जगाला कळलं. युरोपने त्याच्याकडूनच उचललं का, यावर अभ्यासकांत वाद आहे, ठोस पुरावा नाही.

युरोपात हाच मार्ग छापून मांडला तो मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याने, १५५३ मध्ये, आणि तोही चक्क एका धर्मशास्त्रावरच्या पुस्तकात. त्याचा युक्तिवाद मला फार आवडतो. फुप्फुसाला नुसतं पोसायचं असतं तर हृदयाकडून तिथे जाणारी नळी एवढी मोठी कशाला? याला म्हणतात नळीची रुंदी पाहून ट्रॅफिक ओळखणं! त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला जिनिव्हात त्याला पुस्तकासकट जिवंत जाळलं. 'विज्ञानासाठी हुतात्मा' असं त्याच्याबद्दल वाचायला मिळतं, ते खरं नाही. त्याला जाळलं ते ख्रिस्ती त्रिमूर्तीची कल्पना नाकारल्याबद्दल, फुप्फुसाचा परिच्छेद कोणी फारसा वाचलाही नसेल. पण ज्वाळांनी असा भेद केला नाही. त्या पुस्तकाच्या तीनच मूळ प्रती आज उरल्या आहेत.

पुढे हे काम पदुआने केलं. तिथल्या विद्यापीठात १५९५ चं लाकडी शवविच्छेदनगृह अजून जपलेलं आहे. मी ते पाहिलं आहे. विहिरीसारखी अंडाकृती जागा, तळाशी टेबल आणि वर एकावर एक सहा अरुंद सज्जे. विद्यार्थी तिथे कठड्याला रेलून, उभ्याने, खाली वाकून पाहत. बसायला जागाच नाही. याच पदुआत शिकवलेल्या कोलोंबोने जिवंत प्राण्यांत फुप्फुसाकडून हृदयाकडे येणारी नळी उघडून पाहिली. गेलनच्या हिशोबाने तिथे मुख्यतः हवा हवी होती, निघालं रक्त. त्याचा ग्रंथ १५५९ चा. आणि त्या सज्जांच्या काळात, १६०२ मध्ये, इथून पदवी घेऊन गेला इंग्लंडचा विल्यम हार्वी. १६२८ मध्ये त्याने हिशोब मांडला की हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त ढकलतं, तेवढं सबंध शरीरातही नसतं. म्हणजे तेच रक्त गोल फिरत असलं पाहिजे.

गणित बिनचूक, पण एक दुवा गायब. धमनीतून रक्त शिरेत जातं कसं? ते हार्वीला दिसलं नाही आणि १६५७ मध्ये तो वारला.

चारच वर्षांनी बोलोन्याच्या मार्चेल्लो मालपिगीने ते पाहिलं. हार्वीचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, १६२८ मध्ये, जन्मलेला हा माणूस. त्याने कुत्र्याच्या फुप्फुसात पाणी सोडून रक्त धुऊन काढलं, मग हवा भरून ते वाळवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. फुप्फुस म्हणजे मांसाचा गोळा नव्हताच, ती पातळ पापुद्र्यांची असंख्य पुरचुंडी होती. मग त्याने बेडूक घेतला. ही निवड मोठी हुशारीची, कारण बेडकाचं फुप्फुस म्हणजे साधी पारदर्शक पिशवी. त्या पिशवीच्या भिंतीत त्याला धमनी आणि शीर जोडणाऱ्या केसासारख्या नळ्यांचं जाळं दिसलं. रक्त बाहेर सांडत नव्हतं, नळ्यांतूनच जात होतं. १६६१ मध्ये पिसाच्या बोरेल्ली या गणिती मित्राला लिहिलेल्या दोन पत्रांत त्याने हे कळवलं. यापायी फार बेडूक मारावे लागले, हेही नमूद केलं.

गावातल्या सहकाऱ्यांनी कौतुक केलं असेल असं वाटतं ना? उलट झालं. अशा सूक्ष्म गोष्टी पाहून रोग्याला काय उपयोग, असा आक्षेप स्बाराल्या नावाच्या बोलोन्यातल्याच वैद्याने १६८९ मध्ये छापून घेतला.

२०२० आणि २१ साली आपल्यापैकी कितीजणांनी रात्री जागून व्हिडिओ कॉलवर आईवडिलांच्या बोटाचा ऑक्सिमीटर पाहिला! "बाबा, हात स्थिर ठेवा. किती दाखवतंय? ९४ का ९१?" तो आकडा मालपिगीच्या पापुद्र्यावर अवलंबून होता. माणसाच्या फुप्फुसांत अशा पुरचुंड्या सरासरी ४८ कोटी असतात, असं २००४ मध्ये मोजलं गेलं. त्या सगळ्या उलगडून पसरल्या तर सुमारे १३० चौरस मीटर, म्हणजे चौदाशे चौरस फुटांचा ऐसपैस फ्लॅट होईल. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत बऱ्याच ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ आहे. न्यूमोनियात याच पुरचुंड्यांत पाणी भरतं, प्राणवायूला ती भिंत ओलांडता येत नाही आणि बोटावरचा आकडा घसरतो.